पंचवीस उठाबशा

शाळेचं पत्र आलं :
शारीरिक शिक्षणाचा तासही ऑनलाइन घ्यावा.
मी ग्रुपवर टाकलं,
पंचवीस उठाबशा काढा, व्हिडिओ पाठवा.
आधी ही शिक्षा होती.
त्या वर्षी हजेरी झाली.

चौऱ्याऐंशी पोरं. व्हिडिओ आले एकतीस.
मोजायला बसलो
आणि मोजायचंच राहून गेलं,
कारण पोरांच्या मागे
घर दिसत होतं.

टिमकीचा हितांशू निमजे.
पलंग आणि कूलरच्या मध्ये दीड फरशी जागा,
तेवढ्यात त्याचं खाली-वर.
नवव्याला गुडघा पलंगाच्या पायाला लागला.
आतून आवाज :
"आबाजी आत्ताच झोपले, धपधप नको करू बे."
व्हिडिओ तिथेच संपतो.

स्वरांगी खोब्रागडेचा यायचा
रात्री पावणेबाराला.
घरात फोन एकच,
तो बापासोबत पार्सल वाटत फिरतो.
झोपेनं जड झालेली पोरगी
चौदापर्यंत पोचून खालीच बसली,
आणि हसली.

जरीपटक्याच्या लवेश मोटवानीकडे
ट्रेडमिल आहे. त्यावर टॉवेल वाळतात.
त्यानं तीन आठवडे तोच व्हिडिओ पाठवला,
तोच शर्ट, भिंतीवरच्या घड्याळात तेच चार वीस.
मी तिन्ही वेळा हजर लिहिलं.
खुर्चीत बसून लिहिलं.
माझ्याही पट्ट्याला तोवर
दाभणानं नवं भोक पाडावं लागलं होतं.
माझी शिट्टी खिळ्याला.
बाहेर शिट्टी फक्त पोलिसांची.

सुयोग नंदेश्वरनं काहीच पाठवलं नाही.
मग एक व्हिडिओ चार ग्रुप फिरून माझ्याकडे आला,
खाली हसण्याचे पिवळे चेहरे.
मानकापूरचा चौक, पहाटेचे साडेपाच,
रस्त्याच्या कडेला कान धरून
सुयोग.
भरतीचं सोळाशे मीटर मारायला निघाला होता,
खाकीच्याच भरतीचं.
काठीवाला मोजत होता मोठ्यानं.
गुडघे नव्वद अंशात, पाठ सरळ,
टाच एकदाही उचलली नाही,
जसं मी शिकवलं होतं तसं.
पूर्ण पंचवीस भरलेल्या
वर्षभरात तेवढ्याच.

मी पाहिल्याचं त्याला कधी सांगितलं नाही.

आणि मृणाक्षी धापोडकर,
आठशे मीटरवाली.
एप्रिलपासून निरोप नाही. फोन केला, आईनं घेतला.
"सर, पोरगी गच्चीवर पळते तं
समोरचे खिडकीत येऊन बसते.
मैदानावर कसं, साऱ्याच पळत होत्या."
मी म्हटलं, हो.
दुसरं काय म्हणणार होतो?
वीस वर्षं मी मैदानाला
चुन्याच्या रेघा मारत आलो.
पोरींना कुणी विचारू नये म्हणून
मैदान लागतं,
हे मला त्या बाईनं सांगितलं.

नवतपा लागला.
खसची ताटी दुपारपर्यंत कोरडीठक्क,
अँब्युलन्स आता मोजत नव्हतं कुणी.
सुट्टी लागली होती, हजेरीपट बंद.
एका रात्री साडेनऊला
मृणाक्षीच्या नंबरवरून काहीतरी आलं.
चित्र नाही. नुसता आवाज.

अनवाणी पावलं.
खाली घरमालक, म्हणून चपला नाहीत,
दिवे बंद, म्हणून खिडक्या आंधळ्या.
त्या दिवसांत आमच्याकडे
रात्रीही स्लॅब चटका देतो.
अकरा पावलं, वळण.
अकरा पावलं, वळण.
मध्ये एकदा कुत्रं भुंकलं,
एकदा पाण्याची टाकी भरून वाहायला लागली,
पावलं चुकली नाहीत.

मी मोजलं.
ऐंशीव्या वळणाला थांबली.
मग बराच वेळ फक्त तिचा श्वास,
मग, दम खात,
"सर, टायमिंग किती?"

मला घड्याळ लावायचं सुचलंच नव्हतं.
पुन्हा पहिल्यापासून ऐकायला म्हणून
बोट लावलं,
तेव्हा लक्षात आलं,
खुर्ची मागे सरकून पडली होती
आणि मी उभा होतो.